जसोदाबाईंनी लिहिलेलं ‘होय’

जसोदाबाई शिकल्या चौथीपर्यंत, पण वाचायच्या सगळं. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, लग्नपत्रिकेत अगदी तळाला बारीक अक्षरांत छापलेलं प्रेसचं नाव. वाचायच्या हळू आणि मोठ्याने. त्यांचे यजमान उखाभाऊ नंदुरबार स्टेशनवर रिक्षा चालवतात. ते स्टँडवर सांगायचे, “आमच्या हिच्यासोबत बाजारात जाऊ नये. एका साबणाला अर्धा तास लागतो. तो कुठे झाला, कधी झाला, कोणी केला, सगळं वाचते आणि मग दुकानदाराला म्हणते, दुसरा दाखव.”

शहराबाहेर मसाल्याचा एक कारखाना आहे. त्याच्या देठांच्या शेडमध्ये चौतीस बायका दिवसभर लाल मिरचीचे देठ खुडतात आणि डागी मिरची बाजूला काढतात. जसोदाबाई तिथल्या मुकादम. नवी बाई आली की पहिल्या दिवशी त्या स्वतः तिच्या हातांना खोबरेल लावून द्यायच्या आणि डोळा खाजला तर काय करायचं, ते सांगायच्या: “हात लावू नको. कोपरनी पूस.” सव्वीस वर्षं त्या शेडमध्ये गेल्यामुळे त्यांना स्वतःला मिरचीचा ठसका लागत नसे. पाहुण्यांच्या घरी फोडणी बसली आणि सगळे खोकायला लागले, की त्यांना कळायचं, मिरची तिखट आहे.

मागच्या वर्षी दिवाळी झाली आणि मालकांनी जाहीर केलं की कामगारांसाठी आरोग्य विमा काढणार. सरकारी कार्ड होतं, हे त्याच्यावर जास्तीचं. कामगाराचा स्वतःचा हप्ता कारखाना भरेल. घरच्या कोणाला त्यात घ्यायचं असेल तर त्याचा हप्ता पगारातून जाईल. घ्यायचं की नाही, कोणाला घ्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं आणि तसा अर्ज भरायचा.

अर्ज भरून घ्यायचं काम भाग्येशकडे आलं. भाग्येश शहाद्याकडचा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. कारखान्याच्या ऑफिसात नुकताच लागलेला, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि शेडमध्ये पाऊल टाकलं की शिंकायला लागायचा. त्याला शनिवारपर्यंत दोनशे दहा अर्ज हवे होते. पॅकिंगवाल्यांचे त्याने एका दुपारीच भरून घेतले होते. नाकाला रुमाल लावून तो देठांच्या शेडमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, “पहिल्या पानावर नाव, आधार नंबर. दुसऱ्या पानावर प्रश्न आहेत. सगळीकडे ‘नाही’वर टिक करायची आणि खाली सही किंवा अंगठा. पाच मिनिटांचं काम आहे.”

बायकांनी भराभर टिक मारायला सुरुवात केली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या खुणा शेजारणीने केल्या. एकट्या जसोदाबाई कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचत बसल्या.

“साखर. नाही. रक्तदाब. नाही,” त्या मोठ्याने वाचत होत्या. “तंबाखू, बिडी, गुटखा, मशेरी. नाही.” त्या थांबल्या. त्यांनी मान वर करून शेडभर नजर फिरवली आणि घरच्या अहिराणीत म्हणाल्या, “भाग्येशभाऊ, आठे चौतीस बाया शेतस. सगळ्यास्ले सांग, दात दखाडा.”

शेडमध्ये हशा उसळला आणि कितीतरी पदर एकदम तोंडावर गेले. कारण चौतिसांतल्या निदान पंचवीस जणी सकाळ-संध्याकाळ मशेरी लावायच्या. जसोदाबाई स्वतः चौदाव्या वर्षापासून लावत होत्या.

त्यांच्या शेजारी बसणाऱ्या रेवाबाई, शेडमधल्या सगळ्यात वयस्कर, म्हणाल्या, “मशेरी काय तंबाखू थोडीच शे? ती ते दात घासानी शे.”

“मंग काय चुल्हानी राख शे?” जसोदाबाई म्हणाल्या. त्यांचं बोट पानाच्या तळाशी पोचलं होतं. तिथली ओळ त्यांनी अडखळत, पण पूर्ण वाचली: वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी असून, ती खोटी आढळल्यास दावा नाकारला जाऊ शकतो, याची मला जाणीव आहे.

“दावा म्हंजे काय, भाऊ?”

“म्हणजे दवाखान्याचं बिल, मावशी. कंपनीने भरायचं ते.”

“म्हंजे आपण खोटं लिखं ते बिल आपलंच. मंग हप्ता कसाले कापाना?”

भाग्येशने वाकून कागद पाहिला. त्याने ती ओळ स्वतः कधी वाचली नव्हती. तो म्हणाला, “मावशी, सगळीकडे असंच भरतात. कोणी बघत नाही.”

“बिल देवानी येळ उनी का देखतस,” जसोदाबाई म्हणाल्या. “मी सही करनार नही.”

मुकादम सही करत नाही म्हटल्यावर बाकीच्या हातांतले पेनही थांबले. भाग्येश आधी चिडला. मग खाली मिरचीच्या पोत्यावर बसला, तीन वेळा शिंकला आणि त्याने फोन काढून विमा कंपनीच्या माणसाला लावला. आवाज मोठा केला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावा. तंबाखूला ‘होय’ लिहिलं तर काय होतं? त्या माणसाने सांगितलं, हप्ता थोडा वाढतो. सहा महिन्यांनी तपासणी होते, सवय सुटलेली दिसली तर वाढलेला भाग काढून टाकतात. साखर असेल तर? लिहिली तर पहिलं वर्षभर साखरेच्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही, बाकी सगळ्या दुखण्यांचा मिळेल. आणि लपवली तर? तो माणूस म्हणाला, “मग मोठ्या बिलाच्या वेळी प्रश्न निघतो. तेव्हा हातात काहीच राहत नाही.”

फोन बंद झाला. भाग्येश भरलेले अर्ज गोळा करत म्हणाला, “उद्या कोरे अर्ज आणतो.” दारापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि या वेळी ऑफिसची मराठी सोडून घरच्या बोलीत म्हणाला, “मावशी, पॅकिंगवालास्ना अर्ज मी आसाच भरी लिधात. आते काय करू?”

“परत भर,” जसोदाबाई म्हणाल्या.

त्याने ते खरंच परत भरले. त्यासाठी मॅनेजरकडे जाऊन स्वतःची चूक कबूल केली, बोलणी खाल्ली आणि तीन दिवसांची मुदत मागून घेतली. हे त्याने कोणाला सांगितलं नाही, पण ऑफिसात चहा देणाऱ्या सुंदरबाईंनी दाराआडून ऐकलं होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्याला माहीत झालं.

जसोदाबाईंनी मशेरीसमोर ‘होय’ लिहिलं. आता प्रश्न होता तो उखाभाऊंचा. घरच्या माणसासाठी असाच वेगळा अर्ज होता आणि त्यावर त्याचीही सही लागत होती. मुलगी चेतना लग्न होऊन शहाद्याला गेलेली, घरात दोघंच. नवऱ्याला विम्यात घ्यायचंच, हे जसोदाबाईंनी ठरवलं होतं. अडचण अशी होती की दोन वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या एका फुकट तपासणी शिबिरात उखाभाऊंना साखर निघाली होती आणि तेव्हापासून त्यांचं म्हणणं होतं की ती मशीनची चूक आहे. स्टँडवरच्या चहात ते आणखी अर्धा चमचा साखर मागून घेत, जणू मशीनला दाखवून देत होते.

“माले काय हुयेल शे? चांगला धडधाकट शे मी,” ते म्हणाले. “लिख, नही.”

“मंग तुमना पायले मुंग्या येतस, ते काय शे?”

“रिक्षा चालाडीसन येतस. सगळ्यास्ले येतस. चेतनानी माय, तू डॉक्टर शे का?”

साखर लिहिली तर उखाभाऊ सही करणार नव्हते, आणि नाही लिहिली तर जसोदाबाई करणार नव्हत्या. अर्ज दोन दिवस फळीवर, देवाच्या फोटोखाली पडून राहिला. येता-जाता दोघंही त्याच्याकडे बघायचे आणि बोलायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी उखाभाऊंनीच तोंड उघडलं.

“चाल, तपासी लेऊत. नही निंघनी ते तू माफी मांगशी. सगळ्या गल्लीसमोर.”

“मांगसू,” जसोदाबाई म्हणाल्या.

उपाशीपोटी दोघं रिक्षाने लॅबमध्ये गेले. रक्त दिलं, बाहेरच्या बाकावर बसले. तासाभराने लॅबमधल्या ताईने कागद हातात दिला. उपाशीपोटी दोनशे एकेचाळीस. शेजारी नेहमीचा आकडा किती असावा, तेही छापलेलं होतं, आणि जसोदाबाईंनी ते वाचलं. या खेपेला मात्र मनात.

उखाभाऊंनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग लॅबवाल्या ताईला हळूच विचारलं, “ताई, हाई मशीनबी बिघडेल शे का?”

“दोन-दोन मशीनी बिघडतस का, चेतनाना बाप?” जसोदाबाई म्हणाल्या, पण आवाजात जिंकल्याचा काही सूर नव्हता. त्यांना मनातून भीती वाटली होती. परत येताना रिक्षात मागे बसल्या बसल्या त्यांनी नवऱ्याच्या मानेकडे पाहिलं, केस केवढे पांढरे झालेत ते पहिल्यांदाच त्यांच्या नीट लक्षात आलं. घरी आल्यावर उखाभाऊंनी फळीवरचा अर्ज काढला आणि पेन मागितलं. “कोठे करानी सही?”

त्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. स्टँडवर ही बातमी पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. रिक्षावाल्यांनी त्यांचं नाव ‘फिकाशेठ’ ठेवलं. उखाभाऊ आठवडाभर रुसले. मग बिनसाखरेचा चहा मागवताना स्वतःच ओरडायला लागले, “एक फिकाशेठना चहा!”

जसोदाबाईंची मशेरी मात्र अशी सहज सुटली नाही. वाढलेला हप्ता थोडाच होता, पण दर महिन्याच्या पगारपत्रकात तो वेगळ्या ओळीत छापून यायचा आणि त्यांना तो वाचावा लागायचा. डिसेंबरात एका सोमवारी त्यांनी मशेरीची डबी धुऊन त्यात भाजलेली बडीशेप भरली. शेडमधल्या आणखी सहा जणींनी त्यांच्यासोबत सोडायचं ठरवलं. पहिले आठ दिवस त्या सात जणींच्या जवळ कोणी फिरकू नये असे गेले. जसोदाबाईंचं डोकं ठणकायचं, त्या बारीकसारीक गोष्टीवरून खेकसायच्या आणि पाच मिनिटांनी जाऊन माफी मागायच्या. एकदा त्यांनी भाग्येशला विनाकारण इतकं झापलं की तो बिचारा शिंकायचंही विसरला.

रेवाबाई त्या सातांतल्या. त्यांनी सगळ्यांसमोर शपथ घेतली आणि चौथ्या दिवशी दुपारी पोत्यांच्या थप्पीमागे गेल्या. डबी कमरेला खोचलेलीच होती. एरवी त्या आधी तेलाने, मग साबणाने हात धुऊन मशेरी लावत. चोरीच्या घाईत हात धुवायचं राहून गेलं. सकाळपासून मिरची खुडलेलं बोट त्यांनी तसंच हिरड्यांवरून फिरवलं.

पुढच्या क्षणी थप्पीमागून अशी किंकाळी आली की सगळ्यांना वाटलं, साप निघाला. रेवाबाई तोंड उघडं टाकून, दोन्ही हातांनी वारा घालत बाहेर धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी गूळ, सुंदरबाई ऑफिसातलं दूध घेऊन पळत आल्या. काय झालं ते कोणी विचारलं नाही. काळी डबी पोत्यावर उघडी पडली होती. आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी शेड हसायला लागली आणि शेवटी दुधाचा पेला तोंडाला लावलेल्या रेवाबाईही हसल्या. त्यानंतर त्यांना मशेरीचा वास आला तरी हिरड्या झोंबायच्या. खरोखर सुटली ती त्यांचीच सगळ्यात आधी.

एप्रिलच्या तपासणीत सातांपैकी पाच जणींच्या अहवालात तंबाखूचा अंश निघाला नाही. राहिलेल्या दोघी म्हणाल्या, पुढच्या खेपेला. जसोदाबाईंच्या पगारपत्रकातली ती ओळ गेली.

मे महिन्यात शेजारच्या घरी लग्न होतं. मांडवावर दिव्यांच्या माळा लावायच्या होत्या आणि अशा कामात उखाभाऊ पुढे नसते तरच नवल. स्टुलावर स्टूल ठेवून ते वर चढले. खालच्यांनी दोनदा सांगितलं, उतरा. ते म्हणाले, एवढी एक माळ. वरचं स्टूल सरकलं आणि उखाभाऊ खाली आले ते उजव्या पायावर. हाड मोडल्याचा आवाज खालच्यांनी ऐकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, नडगी दोन ठिकाणी मोडली आहे, ऑपरेशन करून सळई टाकावी लागेल. साखर जरा वर आहे, ती खाली आली की उद्या करू. जसोदाबाईंनी विम्याचं कार्ड काउंटरवर दिलं. दवाखान्याने कागद पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी विमा कंपनीकडून उलट प्रश्न आला: रुग्णाला मधुमेह दिसतो. तो केव्हापासून आहे? विमा घेताना कळवला होता का?

काउंटरवरच्या माणसाने तो प्रश्न वाचून दाखवला तेव्हा जसोदाबाईंनी तो मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. कळवला होता, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण आपण लिहिलेला कागद पुढे पोचला असेल का? तो कोणी वाचला असेल का? त्यांनी भाग्येशला फोन केला. तो म्हणाला, “मावशी, तुम्ही बसा. मी बघतो.” दहा मिनिटांत त्याने उखाभाऊंच्या अर्जाच्या दुसऱ्या पानाचा फोटो दवाखान्याला आणि कंपनीला पाठवला. साखरेसमोर ‘होय’वर टिक, त्याखाली लॅबचा आकडा आणि उखाभाऊंची वाकडीतिकडी सही.

तरी दुपारपर्यंत काही कळलं नाही. जसोदाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. रेवाबाई डबा घेऊन आल्या होत्या, पण जसोदाबाईंनी तो उघडला नाही. “आपुन खरं लिखं ना, मंग कसाले भ्यावानं?” रेवाबाई म्हणाल्या.

“खरं लिखं, तरी भ्याव वाटस व माय,” जसोदाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

अडीच वाजता काउंटरवरून हाक आली. मंजुरी आली होती. साखरेच्या गोळ्या आणि इंजेक्शनांचा खर्च आधी सांगितल्याप्रमाणे आपला आपण करायचा, बाकी पायाचं सगळं कंपनी देणार. संध्याकाळी ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर उखाभाऊंनी आधी माळा लागल्या का ते विचारलं, मग बिलाचं विचारलं. सगळं ऐकून ते बायकोकडे वळले.

“तू त्या दिनले आडी बठनी नसती ते?” ते म्हणाले.

“आते ते सोडा.”

“नही, चेतनानी माय. मी मानूस आडमुठा शे. हाई तू माले सांगत जाय.”

“सांगसच ना,” जसोदाबाई म्हणाल्या. “रोज सांगस.” आणि त्या दिवसातलं पहिलं हसू दोघांच्या तोंडावर आलं. उखाभाऊ दोन महिन्यांनी परत रिक्षावर बसले. पावसाळी हवेत पाय अजून दुखतो, पण स्टूल दिसलं की शेजारीपाजारीच ते उचलून आत नेतात.

या सगळ्याची गोष्ट मालकांपर्यंत गेली. विसरवाडीजवळ त्यांचं डाळीचं दुसरं युनिट आहे, तिथेही विमा सुरू व्हायचा होता. मालकांनी भाग्येशला सांगितलं, अर्ज भरायला जसोदाबाईंना सोबत घेऊन जा. जसोदाबाई आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, पगारी दिवस धरणार असाल तर येते. धरला.

विसरवाडीचे कामगार डोंगराकडच्या गावांतले. त्यांची घरची बोली वेगळी, अहिराणी त्यांना अर्धी कळायची. म्हणून जसोदाबाई शाळेत शिकलेली मराठी आठवून आठवून बोलल्या आणि तिथल्या पॅकिंगमध्ये काम करणारी रिबेका ते आपल्या बोलीत सांगत गेली. रिबेका तिशीची, बोलायला चटपटीत. तिचा नवरा जोसेफ त्याच युनिटमध्ये मशीनवर होता. एक माणूस विचारू लागला, लहानपणी झालेली कावीळ लिहायची का? जसोदाबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि भाग्येशला विमा कंपनीला फोन करायला लावला.

या अर्जात एक नवी गोष्ट होती. आई-वडील किंवा सासू-सासरे, दोहोंतली एकच जोडी घेता येत होती. अर्ज तपासताना जसोदाबाईंनी रिबेकाचा कागद उचलला, मग जोसेफचा, मग पुन्हा रिबेकाचा.

“तुम्ही दोघांनी तेच दोन म्हातारे लिहिलेत.”

रिबेका म्हणाली, “हो. सासू-सासरेच लिहितात ना?”

“अगं, ते जोसेफच्या अर्जात आलेच की. एका माणसाचा विमा दोनदा काढून काय करायचं? तुझी आई आहे ना?”

रिबेका जोसेफकडे बघायला लागली. जोसेफने डोकं खाजवलं. “ते माझ्या लक्षातच आलं नाही,” तो म्हणाला. “रिबेका, मंगळीबाईंचं नाव टाक.”

रिबेकाने तिथल्या तिथे आईला फोन लावला. मंगळीबाई शेतात होत्या. रिबेका आपल्या बोलीत मोठमोठ्याने समजावत होती, पलीकडून त्याहून मोठा आवाज येत होता. आजूबाजूचे कामगार ऐकून हसायला लागले.

“काय म्हणते?” जसोदाबाईंनी विचारलं.

“मी विचारलं, तुला काय दुखणं आहे? तर म्हणते, दुखणं असलं तर विमा मिळतो की नसलं तर मिळतो, ते आधी सांग. मग तसं सांगते.”

“तिला सांग, जे आहे ते सांग.”

रिबेकाने विचारलं. मग उत्तर आलं आणि रिबेकाने हसत हसत पेन उचललं.

“गुडघा, म्हणते. उजवा. आणि एक दाढ.”

“लिही,” जसोदाबाई म्हणाल्या. “दाढ कोणती, तेही विचार.”